अरब आणि साल्वाडोरी: दोन स्थलांतरित समाजांची तुलना कशी करावी

दोन स्थलांतरित समाजांची तुलना करायला बसलात, तर आकड्यांची फाईल लगेच उघडू नका. आधी कोऱ्या कागदावर दोन रकाने आखा. प्रत्येक समाजातली माणसं त्या देशात कधी आली, कशामुळे आली आणि कुठल्या कागदपत्रांवर आली, एवढं लिहून काढा. प्रकल्पासाठी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी हेच करायला लावते आणि सरावाला एकच जोडी देते: अमेरिकेतले अरब आणि अमेरिकेतले साल्वाडोरी, म्हणजे मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर देशातून आलेले.

मी गोव्यात फोंड्याला कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. मुलं डिचोली, सत्तरी, पेडण्याहून येतात. त्यांना खरं तर घरचाच विषय हवा असतो. कुवेतला गेलेला मामा आणि पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमधल्या स्विंडनला गेलेली मावशी यांच्यात कोणाचं बस्तान नीट बसलं? किंवा कुंडईच्या कारखान्यात कामाला येणारी कर्नाटकातली कुटुंबं आणि ओडिशातली कुटुंबं, यांच्यात फरक का? विषय उत्तम आहेत. पण घरच्या विषयावर मत आधीच तयार असतं. ‘ते लोक कष्टाळू’, ‘ही माणसं तसलीच’ अशी वाक्यं बाजारात, बसमध्ये ऐकून ऐकून पाठ झालेली असतात आणि प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर निष्कर्ष म्हणून अलगद उतरतात. अशा वाक्यापायी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरांना शाळेत काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते मी पाहिलं आहे. त्यामुळे या बाबतीत मी कुणालाच सवलत देत नाही. अरब किंवा साल्वाडोरी लोकांशी आमच्या मुलांचं काही वैर नाही आणि नातंही नाही. तिथे हात बसू द्यावा आणि मग घरच्या विषयाकडे वळावं.

ही जोडी निवडण्यामागे व्यवहाराचंही कारण आहे. अमेरिकेची पाहणीची माहिती फुकट मिळते आणि नाव-पत्ता काढून टाकून एकेका माणसाच्या पातळीवर मिळते. दुसरं म्हणजे, वरवर पाहिलं तर या दोन समाजांत उत्पन्न आणि शिक्षणाचा मोठा फरक दिसतो. इतका फरक दिसला की स्वभाव, संस्कृती, धर्म अशी कारणं तोंडावर येतातच. ती किती टिकतात, हे तपासायला ही जोडी चांगली.

आधी दारं लिहा

दार म्हणजे देशात शिरायचा मार्ग. अरबांच्या रकान्यात एकच तारीख लिहिता येणार नाही. पहिली लाट १८८० च्या सुमाराची. तेव्हाच्या ऑटोमन साम्राज्यातल्या लेबनॉन पर्वताच्या भागातून, बहुतेक ख्रिस्ती, खांद्यावर गाठोडं घेऊन दारोदार सुया, दोरे, कापड विकणारे. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्ट्रीटवर त्यांची वस्ती होती. त्या काळी नागरिकत्व मिळवायला ‘गोरं’ किंवा आफ्रिकी वंशाचं असावं लागे आणि सिरियाई माणूस गोरा की नाही यावर खटले चालले. १९१५ मध्ये जॉर्ज डाऊ यांच्या खटल्यात अपील न्यायालयाने गोरा ठरवलं. या निकालाचं महत्त्व पुढे कळेल. १९२४ च्या कायद्याने हे दार जवळपास बंद झालं आणि १९६५ च्या कायद्याने पुन्हा उघडलं, पण ते वेगळ्या माणसांसाठी. आता इजिप्तचे डॉक्टर, इंजिनियर येऊ लागले, लेबनॉनच्या यादवीतून निघालेली शिकलेली कुटुंबं आली. त्याच सुमारास येमेनी मजूर कॅलिफोर्नियाच्या शेतांत द्राक्षं तोडत होते. १९७३ च्या शेतमजुरांच्या संपात नागी दैफल्ला हा तरुण येमेनी मजूर पोलिसाच्या मारामुळे मेला. ‘अरब’ म्हटल्यावर हा माणूस कोणाच्या डोळ्यासमोर येत नाही, म्हणून त्याचं नाव मी मुद्दाम फळ्यावर लिहिते. त्यानंतर २००३ च्या युद्धामुळे उठलेले इराकी आणि मग सिरियाचे निर्वासित.

साल्वाडोरी रकाना जास्त सरळ आहे आणि जास्त दुःखाचाही. १९८० च्या मार्चमध्ये आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना प्रार्थना चालू असताना गोळी घातली गेली. त्यानंतरचं यादवी युद्ध जानेवारी १९९२ च्या चापुल्तेपेक करारापर्यंत चाललं. सुमारे ७५ हजार माणसं मेली आणि लाखो देशाबाहेर पडली. त्यातली बरीच खेड्यांतली, शाळा अर्धवट सुटलेली, मेक्सिकोतून चालत, ट्रकमधून अमेरिकेत पोचलेली. एल साल्वाडोरचं सरकार अमेरिकेच्या मदतीवर लढत होतं. मग त्या सरकारपासून पळालेल्यांना निर्वासित म्हणायचं तरी कसं? १९८४ मध्ये साल्वाडोरी लोकांचे आश्रयाचे अर्ज शंभरात तीनसुद्धा मंजूर होत नव्हते. १९८६ मध्ये अमेरिकेने कागद नसलेल्यांना नियमित करण्याचा कायदा केला, पण १९८२ सुरू होण्याआधीपासून देशात असलेल्यांसाठी. युद्धामुळे नंतर आलेले बाहेरच राहिले.

आता दोन्ही रकान्यांच्या मधोमध एक वर्ष लिहा: १९९०. त्या वर्षीच्या एकाच कायद्याने दोन दारं तयार केली. एक व्हिसाची लॉटरी. तिच्यासाठी शालेय शिक्षण पूर्ण असावं लागतं किंवा कसबी कामाचा अनुभव लागतो आणि लॉटरी लागून छाननी पार पडली की थेट ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना. इजिप्त, मोरोक्को इथले कितीतरी लोक या दाराने आले. ज्या देशांतून आधीच खूप माणसं येतात ते देश या लॉटरीतून वगळलेले असतात आणि एल साल्वाडोर त्यांत आहे. दुसरं दार टीपीएस, म्हणजे तात्पुरतं संरक्षण. त्यात काम करता येतं, पण हा परवाना कितीही वर्षं वाढला तरी त्यातून ग्रीन कार्ड मिळत नाही. साल्वाडोरी लोकांसाठी हे दार आधी युद्धामुळे आणि मग २००१ च्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या भूकंपांनंतर पुन्हा उघडलं. दोन लाखांच्या आसपास माणसं तेव्हापासून एकेका मुदतीच्या आधाराने जगत आली आहेत. २०१८ च्या जानेवारीत ते बंद करण्याची घोषणा झाली, प्रकरण कोर्टात गेलं आणि मुदती वाढत राहिल्या. ज्याची मुदत फार तर दीड वर्षाची, तो तीस वर्षांचं गृहकर्ज कसं काढेल, मालकाशी पगारावरून कसा भांडेल? हा प्रश्न रकान्याखाली लिहून ठेवा. उत्पन्नाचा तक्ता पाहताना तो हाताशी लागतो.

अरब कोण, साल्वाडोरी कोण

मोजायच्या आधी, मोजणाऱ्याने माणसं कशी ओळखली ते बघा. प्रकल्प बहुतेक इथेच घसरतात.

साल्वाडोरी माणूस सापडणं सोपं. अमेरिकेच्या जनगणनेत आणि पाहण्यांत ‘तुम्ही हिस्पॅनिक आहात का, असल्यास कुठले’ हा प्रश्न सगळ्यांना विचारतात. अरबांसाठी असा प्रश्नच नव्हता. डाऊ खटल्याचं ओझं इथे दिसतं: सरकारी व्याख्येत मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेची माणसं ‘गोरी’ धरली गेली, त्यामुळे वंशाच्या तक्त्यांत ती दिसेनाशी झाली. २०२० च्या जनगणनेत ‘गोरे’ या खुणेखाली मूळ लिहायची जागा होती आणि सुमारे ३५ लाख लोकांनी मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिकेतलं मूळ लिहिलं. त्यात इराणीही आहेत आणि इराणी अरब नव्हेत. २०२४ च्या मार्चमध्ये या लोकांसाठी स्वतंत्र गट करण्याचं ठरलं, पण जुन्या माहितीला त्याचा उपयोग नाही. जुन्या माहितीत ‘तुमचे पूर्वज कुठले’ या प्रश्नाच्या उत्तरावरच भागवावं लागतं. ज्याने ते उत्तर कोरं ठेवलं, तो हातातून गेला.

याचा परिणाम असा की ‘अरब’ या ढिगात गाठोडं घेऊन आलेल्याची पणतीसुद्धा येते, जिचे आईवडीलही अमेरिकेत जन्मले. ‘साल्वाडोरी’ ढिगात मात्र जवळपास निम्मी माणसं स्वतः परदेशात जन्मलेली आणि उरलेली बहुतेक त्यांची मुलं. शंभर वर्षं रुळलेल्या घराची तुलना चाळीस वर्षांपूर्वी हाती काही नसताना आलेल्या घराशी करून कोण जिंकलं म्हणायचं? म्हणून पहिला नियम: स्थलांतरितांची तुलना म्हणजे परदेशात जन्मलेल्यांचीच. पुढच्या पिढीची वेगळी, वेगळ्या तक्त्यात.

मग मुलं म्हणतात, सोपं आहे मॅडम, जन्मदेश घेऊ. घ्या, पण एकटा नको. माझ्या वर्गात कुवेतला जन्मलेली मुलगी होती, आईवडील दोघेही बार्देशचे. ती उद्या ह्युस्टनला गेली तर पाहणीत तिचा जन्मदेश कुवेत लागेल आणि ‘अरब देशांत जन्मलेले’ या ढिगात एक गोंयकार जाऊन बसेल. कुवेत, सौदी, अमिराती इथे जन्मून अमेरिकेला गेलेल्यांत भारतीय उपखंडातली माणसं भरपूर आहेत आणि बहुतेक शिकलेली, त्यामुळे ‘अरबां’चं सरासरी शिक्षण फुकटचं वर जातं. उलट, पॅलेस्टिनी बाईचा जन्म जॉर्डन किंवा कुवेतचा असू शकतो. इराकमध्ये जन्मलेला माणूस कॅल्डियन, म्हणजे तिथल्या एका ख्रिस्ती समाजातला असू शकतो आणि बहुधा स्वतःला अरब म्हणवून घेत नाही. जन्मदेश आणि पूर्वजांचं उत्तर असे दोन्ही रकाने जुळले तरच माणूस गटात घ्या आणि हा नियम प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहा. धर्म बघायचा विचार सोडा. अमेरिकेची जनगणना तो विचारत नाही.

माहिती कुठून, कशी

तयार तक्ते हवे असतील तर जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे बघा. दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर ही पाहणी जाते. पण तयार तक्त्यात तुम्हाला हवे ते दोन रकाने एकत्र मिळतीलच असं नाही. त्यासाठी मिनेसोटा विद्यापीठाचं आयपम्स (IPUMS) हे माहितीचं संकेतस्थळ वापरा. नोंदणी फुकट आहे. काय अभ्यासायचं ते एका वाक्यात लिहायला सांगतात, तेही नीट लिहा.

तिथे हे निवडा: जन्मदेश, पूर्वज (पहिलं आणि दुसरं उत्तर, दोन्ही), हिस्पॅनिक मूळ, अमेरिकेत आल्याचं वर्ष, वय, लिंग, शिक्षण, नागरिकत्व, काम करतो की नाही, स्वतःची कमाई, घराचं उत्पन्न, घरात माणसं किती, घर स्वतःचं की भाड्याचं, इंग्रजी किती येतं, आरोग्य विमा आणि राज्य. शिवाय प्रत्येक माणसाचं वजन, म्हणजे तो एक माणूस किती जणांच्या वतीने बोलतो तो आकडा. वजन न लावता काढलेली टक्केवारी कचऱ्यात टाका. अरब गट लहान आहे, त्यामुळे पाच वर्षांची एकत्र फाईल घ्या. २०२० ची एका वर्षाची फाईल सुटी वापरू नका. कोविडमुळे त्या वर्षी उत्तरं नीट आली नाहीत आणि खात्याने ती प्रायोगिक म्हणूनच दिली.

कॉलेजची लॅब बंद असेल तर पणजीला पाटो भागातल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसता येतं. फाईल जड असते, पेन ड्राइव्ह जवळ ठेवा.

या पाहणीत एक गोष्ट नाही आणि ती सगळ्यांत मोठी आहे: माणसाकडे कुठले कागद आहेत, हे विचारलेलं नसतं. नागरिक आहे की नाही एवढंच. ग्रीन कार्डवाला, टीपीएसवाला, कागद नसलेला, तिघेही ‘नागरिक नाही’ या एकाच खान्यात. म्हणून सुरुवातीचा तो दारांचा कागद लागतो. आल्याचं वर्ष आणि जन्मदेश यांवरून कुठलं दार असण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज बांधा. पण अंदाज म्हणूनच लिहा.

उत्पन्न: एकच आकडा नको

घराच्या उत्पन्नाची मीडियन, म्हणजे सगळी घरं चढत्या क्रमाने उभी केल्यावर मधल्या घराचं उत्पन्न, हा सगळ्यांचा आवडता आकडा. २००६ ते २०१० च्या पाहणीवरून जनगणना खात्याने अरब घरांची मीडियन सुमारे ५६ हजार डॉलर काढली होती. सगळ्या अमेरिकन घरांची सुमारे ५२ हजार. एवढं वाचून ‘अरब सरासरीच्या वर’ असं लिहून मोकळं होता येतं. पण त्याच अहवालात लेबनीज घरं ६७ हजारांवर होती, तर इराकी आणि येमेनी घरं राष्ट्रीय आकड्याच्या बरीच खाली. ५६ हजारांचं ते मधलं घर कुठल्याच गटाचं चित्र दाखवत नाही. म्हणून ‘अरब’ ही एक ओळ न करता निदान लेबनीज, इजिप्शियन, इराकी, येमेनी अशा चार ओळी करा. तक्ता लांबेल, लांबू द्या. इराकी आणि येमेनी ओळी साल्वाडोरी ओळीशेजारी ठेवून पाहिल्या की ‘अरब विरुद्ध साल्वाडोरी’ ही मांडणीच डळमळते.

इराकी ओळीपाशी थोडं थांबा. निर्वासित म्हणून आलेल्या इराक्याला पहिल्या दिवसापासून कायदेशीर हक्क असतो, वर्षभराने तो ग्रीन कार्डला अर्ज करू शकतो, सुरुवातीला थोडी मदतही मिळते. तरी घराचं उत्पन्न कमी. कारण आला उशिरा, बगदादची डॉक्टरकी किंवा इंजिनियरिंगची पदवी तिथे चालत नाही, युद्धाने शरीरं आणि मनं मोडलेली, घरात कमावणारा एक. कागद चांगले असले की सगळं सुटतं, असा माझा दावा नाही. एका कारणावर सगळं टांगणारा विद्यार्थी ते कारण मला आवडणारं असलं तरी परत पाठवला जातो.

आता घराचं उत्पन्न माणसांच्या संख्येने भागा. साल्वाडोरी घरात सहसा जास्त माणसं राहतात आणि जास्त माणसं कमावतात: बाप बांधकामावर, आई ऑफिसं झाडते किंवा दुसऱ्याची मुलं सांभाळते, काका हॉटेलच्या स्वयंपाकघरात. घराची बेरीज बरी दिसते, माणशी वाटा लहान. अरब घरांत, विशेषतः येमेनी आणि इराकी घरांत, बायका नोकरीवर कमी असतात. त्यामुळे बायकांची तुलना बायकांशी, पुरुषांची पुरुषांशी, २५ ते ६४ वयाची. काम करणाऱ्यांचं प्रमाण वेगळं लिहा आणि काम करणाऱ्यांची कमाई वेगळी. कामाला लागण्याच्या बाबतीत साल्वाडोरी लोक अमेरिकेत बऱ्याच जणांच्या पुढे आहेत. पदवीधर मात्र शंभरात दहा-पंधरा. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात यायला हव्यात, नाहीतर वाचणारा आपल्या सोयीची तेवढीच उचलतो.

पाठवलेला पैसा विसरू नका. २०२३ मध्ये एल साल्वाडोरला परदेशातून ८ अब्ज डॉलरांहून जास्त आले, देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळपास चौथा हिस्सा, आणि त्यातला बहुतांश अमेरिकेतून. पाहणीत हा पैसा घराच्या उत्पन्नातून वजा होत नाही. कागदावर जे दिसतं त्याहून ते घर कमीत भागवत असतं. गल्फमधून येणाऱ्या पैशांवर शिकलेल्या माझ्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही.

शिक्षणाचा वाटा वेगळा काढा

हा भाग हाताने करा, कॅल्क्युलेटर घेऊन. आकडे मी सरावासाठी मनाने घेतले आहेत, हजार डॉलरांत.

समजा ‘अ’ गटात शंभरात ६० पदवीधर, ‘ब’ गटात १०. ‘अ’ चा पदवीधर ६० कमावतो आणि पदवी नसलेला ३५. ‘ब’ चा पदवीधर ५०, पदवी नसलेला ३३. ‘अ’ ची सरासरी: ६० चे ६० टक्के ३६, ३५ चे ४० टक्के १४, एकूण ५०. ‘ब’ ची: ५० चे १० टक्के ५, ३३ चे ९० टक्के २९.७, एकूण ३४.७. फरक १५.३.

आता ‘ब’ गटात पदवीधर ‘अ’ इतकेच असते तर काय झालं असतं, ते काढा. ५० चे ६० टक्के ३०, ३३ चे ४० टक्के १३.२, एकूण ४३.२. म्हणजे १५.३ पैकी ८.५ हा फक्त ‘ब’ मध्ये पदवीधर कमी असल्याचा फरक. उरलेले ६.८ तसेच राहिले. तेवढ्याचंच कारण आता शोधायचं: इंग्रजी, कागद, शहर, भेदभाव, आल्याला किती वर्षं झाली. हाच हिशेब वयोगट घेऊन करा, आल्याचं वर्ष घेऊन करा. दर वेळी उरलेला फरक बदलतो आणि कुठलं कारण किती वजनाचं ते दिसायला लागतं. पेडण्याच्या एका मुलीने हे पहिल्यांदा केलं तेव्हा ती म्हणाली, ‘मग आमच्या गावातल्या भाडेकऱ्यांचं पण असंच काढता येईल ना?’ येईल. त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

पदवीधर कमी का, हा पुढचा प्रश्न. तिथे मूळ देशाकडे पाहा. इजिप्तमधून अमेरिकेला पोचलेला माणूस हा इजिप्तमधला सरासरी माणूस नसतो. व्हिसाच्या अटींनी शिकलेले तेवढे निवडून घेतले. युद्धाने असं निवडून माणसं बाहेर काढली नाहीत. म्हणून मुलांना मी चार खाने करायला सांगते: गेलेल्यांचं शिक्षण आणि मागे राहिलेल्यांचं शिक्षण, दोन्ही देशांचं.

फरक खरा की नमुन्याचा खेळ, तेही बघायचं. अमेरिकन पाहणी प्रत्येक आकड्यापुढे चुकीची मर्यादा देते, ती ९० टक्के खात्रीची असते. दोन्ही मर्यादांचे वर्ग करून बेरीज घ्या, वर्गमूळ काढा. दोन आकड्यांमधला फरक त्याहून मोठा असेल तरच ‘फरक आहे’ असं लिहा. येमेनी बायकांच्या कमाईसारख्या लहान गटात बऱ्याचदा तो नसतो.

सामाजिक बाजू

इथे जिथे मोजता येतं तिथे मोजा, नाही तिथे इतिहास सांगा. स्वतःचं घर, दाटीवाटी, विमा, इंग्रजी, मुलांचं शाळा पूर्ण करणं हे सगळं फाईलमध्ये आहे. नागरिकत्व घेतलेल्यांचं प्रमाणही आहे, पण ते देशावरच्या प्रेमाचं माप समजू नका. टीपीएसवाल्याला वीस वर्षं राहूनही अर्ज करायची सोय नसते.

दुसऱ्या पिढीसाठी वर सांगितलेली पाहणी पुरत नाही, कारण ती आईवडिलांचा जन्मदेश विचारत नाही. त्यासाठी करंट पॉप्युलेशन सर्व्हे घ्या. १९९४ पासून त्यात हा प्रश्न आहे. नमुना लहान असतो, म्हणून बरीच वर्षं एकत्र करावी लागतात. साल्वाडोरी मुलांची तुलना त्यांच्या आईवडिलांशी करा, लेबनीज मुलांशी नंतर. आईने सहावीत शाळा सोडली आणि मुलगी कॉलेजात गेली, तर त्या घराने केवढी मजल मारली ते लेबनीज डॉक्टरच्या मुलाशेजारी उभं करून कळणार नाही.

भेदभाव दोघांच्याही वाट्याला आला, पण वेगळ्या मार्गाने. ११ सप्टेंबर २००१ नंतर, २००२ पासून, मुख्यतः मुस्लीम देशांतल्या पुरुषांना सरकारी कचेरीत जाऊन खास नोंदणी करावी लागली. अरब ‘गोरे’ मोजले जात असल्याने नोकरीतला, भाड्याच्या घरातला दुजाभाव तक्त्यात दिसतच नाही. साल्वाडोरी तरुणांवर एमएस-१३ या गुन्हेगारी टोळीचा शिक्का बसला. ती टोळी लॉस एंजेलिसमध्ये १९८० च्या दशकात जन्मली आणि अमेरिकेने माणसं परत धाडली तशी एल साल्वाडोरला पोचली, हे सांगायला बहुतेक लोक विसरतात. त्याच लॉस एंजेलिसमध्ये १९९० साली ऑफिसं झाडणाऱ्या कामगारांनी पोलिसांचा मार खाऊन संप जिंकला. त्यांत साल्वाडोरी बायका आणि पुरुष मोठ्या संख्येने होते. हेही सामाजिक फलित आहे, लिहा.

राजकारणात कोण कुठे पोचलं हे बघताना वस्ती एकवटलेली आहे का आणि मत देण्याचा हक्क किती जणांना आहे, हे आधी बघा. मिशिगनच्या डिअरबॉर्न शहरात, जिथे फोर्डच्या कारखान्यामुळे अरब वस्ती वाढली, २०२० मध्ये निम्म्याहून जास्त लोकांनी मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिकेचं मूळ सांगितलं आणि पुढच्या वर्षी लेबनीज वंशाचे अब्दुल्ला हम्मूद महापौर निवडून आले. साल्वाडोरी वस्ती वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस, ह्युस्टन, लाँग आयलंड अशी विखुरलेली आणि मोठा हिस्सा मतदानाबाहेर.

संस्कृतीचं कारण पुढे आलं तर

ते येतंच. तेव्हा मुलांना एल साल्वाडोरलाच घेऊन जा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेथलेहेमच्या भागातून ख्रिस्ती पॅलेस्टिनी कुटुंबं तिथे गेली, व्यापारात शिरली. १९३० च्या दशकात तिथल्या सरकारने त्यांच्या धंद्यांवर बंधनं घातली, तरी ती टिकली. २००४ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत अँटोनिओ साका आणि शाफिक हांदाल हे दोन प्रमुख उमेदवार होते, एक उजवा, एक जुना डावा गनिमी नेता, आणि दोघेही पॅलेस्टिनी वंशाचे. २०१९ पासूनचे अध्यक्ष नायिब बुकेले यांचे पूर्वजही पॅलेस्टाइनचे. एका देशात अरब वंशाची माणसं दुकानदार, कारखानदार, अध्यक्ष झाली, तर दुसऱ्या देशात गेलेले अरब शेतमजूर द्राक्षाच्या मळ्यात मार खात होते. संस्कृतीला काहीच वजन नसतं असं मी म्हणत नाही. भाऊबंदांनी उधार माल देणं, देऊळ किंवा चर्चने वस्ती धरून ठेवणं यांचा उपयोग होतो. पण ते कारण लिहायचं तर आधी वय, शिक्षण, आल्याचं वर्ष, कागद आणि शहर यांचा वाटा वजा करून दाखवा. उरलेल्यात जेवढी जागा असेल तेवढीच त्याला द्या.

आता घरच्या विषयाकडे

हे सगळं जमलं की मी मुलांना गोव्यातला विषय देते. इथे तयार फाईल नाही, स्वतः दारोदार जायचं. कुवेतचा मामा आणि स्विंडनची मावशी यांच्याबद्दल पहिला प्रश्न पगाराचा नको. मामाचा व्हिसा मालकाच्या हातात होता आणि नागरिकत्व कधीच मिळणार नव्हतं. मावशी २०२० संपायच्या आत युरोपीय नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये पोचली, मुलांना सरकारी शाळेत घालू शकली. आजोबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीज राजवटीतला आणि त्याची नोंद सापडली, एवढ्यावर पोर्तुगीज नागरिकत्वाचं ते दार उघडलं. ज्या घराला नोंद सापडली नाही त्याचंही बिऱ्हाड तपासा, ती तुमची तुलनेची ओळ.

भाड्याच्या खोल्यांकडे जाताना बरोबर कानडी किंवा ओडिया जाणणारं कुणी घ्या. संध्याकाळी सातनंतर जा, त्याआधी माणूस कामावर असतो. विचारा: कुठल्या वर्षी आलात, कोणी आणलं, ठेकेदाराने की गाववाल्याने? तिथे जमीन होती का, आई कितवी शिकली? इथलं रेशनकार्ड आहे का, मतदार यादीत नाव आहे का, भाडेकरार कागदावर आहे की तोंडी? मूल कुठल्या माध्यमाच्या शाळेत आणि कितवीत? गावी महिन्याला किती पाठवता? पगाराचा प्रश्न शेवटी, आणि उत्तर द्यायचं नसेल तर पुढे जा. नाव लिहून घेऊ नका. उत्तरं पत्रिकेवर क्रमांक घालून त्याच रात्री संगणकात भरा आणि मूळ कागद कॉलेजच्या कपाटात कुलपात ठेवा, कारण त्यांतल्या काहींचं इथलं राहणं तुमच्या हातातल्या त्या कागदावर अवलंबून असू शकतं.